आधी पन्नास रुपयांची पिन, मग पन्नास हजारांचा सेट

सप्ताह तोंडावर आला की भजनी मंडळाची बैठक बसते आणि त्यात एक विषय हमखास निघतो. मागच्या वर्षी माईक भुणभुणत होता, मागं बसलेल्या बायांना महाराजांचा शब्द कळत नव्हता, तेव्हा यंदा वर्गणीतून मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा. बेंबळी काय किंवा आसपासचं कुठलं गाव काय, हा ठराव बिनविरोध मंजूर होतो. मोठा अ‍ॅम्प्लिफायर येतो आणि भुणभुणही मोठी होते.

अ‍ॅम्प्लिफायरला गाणं कुठलं आणि घाण कुठली ते कळत नाही. जे आत येईल ते तो वाढवून बाहेर टाकतो. माईकच्या तोंडाशी तयार होणारा विजेचा संकेत एक-दोन मिलिव्होल्टचा असतो आणि शेजारून जाणाऱ्या वायरीत २३० व्होल्ट असतात. एवढ्या अंतरात कुठं एक धागा तुटला, तारांभोवतीची जाळी निसटली की वीज आवाजात मिसळलीच. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर ते माईकच्या टोकाकडून सुरू करावेत, भोंग्याच्या टोकाकडून नाही. बहुतेक मंडळं नेमकं उलटं करतात, कारण माईकची वायर, म्हणजे लीड, कुणाला दिसत नाही आणि नवा अ‍ॅम्प्लिफायर सगळ्या गावाला दिसतो.

इथले भाव ढोबळ आहेत. ब्रँड, दुकान आणि घासाघीस यांनी ते खाली-वर होतील. सुटा भाग गावात नाही मिळाला तर धाराशिव किंवा लातूर गाठावं लागतं. त्या फेरीचं भाडंही हिशेबात धरा, पिनेपेक्षा ते बहुधा जास्तच भरतं.

फुकटातली तपासणी

दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी नुसते कान लावा. एकसारखी, खालच्या पट्टीतली गुणगुण येत असेल तर ती विजेची ५० हर्ट्झची आहे. बहुधा अर्थिंगची भानगड असते, नाहीतर माईकची लीड विजेच्या वायरीला चिकटून गेलेली असते. त्याहून टोकदार, चरचरीत भुणभुण असेल तर दिव्याचा डिमर, पंख्याचा रेग्युलेटर, हलक्या दर्जाचे चार्जर आणि एलईडी माळा यांच्याकडे बघा. मध्येच येणारी खरखर, लीड हलवली की कमी-जास्त होणारी, ती सैल पिनेची किंवा धूळ खाल्लेल्या बटणाची. बारीक ‘सूं’ असा आवाज म्हणजे माईकचं बटण खाली आणि मास्टर फार वर. शिट्टी म्हणजे भोंग्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतोय. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि ‘मोठा अ‍ॅम्प्लिफायर’ हा एकाचाही नाही.

आता सगळ्या माईकची बटणं शून्यावर न्या. तरीही भुणभुण चालूच असेल तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा विजेच्या जोडणीत आहे. ती थांबली तर एकेक बटण चढवत जा. ज्या बटणाला भुणभुण उठते त्या माईकची लीड काढून शेजारच्या चांगल्या माईकची लीड तिथं लावा. गेली? मग लीडच दोषी. नाही गेली? मग माईक बदलून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते सप्ताहाच्या आदल्या दिवशी करायचं. कीर्तनकार उभे राहिल्यावर नाही.

गावाकडच्या संचांना एक सोय असते, शहरातल्या पोरांना ती फारशी ठाऊक नसते. अहुजा आणि तशा बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरना मागं बॅटरीच्या पट्ट्या असतात, १२ किंवा २४ व्होल्टच्या. किती ते मागच्या पाटीवर लिहिलेलं असतं, ते वाचूनच लावा. मुख्य वीज पूर्ण काढून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर संच चालवून पाहा. भुणभुण गायब झाली तर लीड, माईक, भोंगा सगळे बहुधा निर्दोष सुटले. गुन्हेगार विजेकडचा आहे. एक रुपया न खर्चता अर्धा तपास पूर्ण होतो.

भुणभुण आणि दबका आवाज एकदम आले तर

ही दोन लक्षणं सोबत दिसली की मी आधी माईकच्या लीडकडे बोट दाखवीन. तिची रचना समजून घेतली तर कारण आपोआप कळतं. तीन पिनांच्या माईक-लीडमध्ये पिन १ वर जाळी असते, २ आणि ३ वर आवाजाच्या दोन तारा. माईकची कॉइल २ आणि ३ यांच्या मध्ये बसलेली असते. बाहेरची वीज दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि मिक्सर दोघींतला फरक तेवढा घेतो, त्यामुळे घाण तिथंच कटते. यातली एक तार पिनेच्या मानेपाशी तुटली की कॉइलची वाट अर्धवट राहते. आवाज बारीक, पत्र्यासारखा होतो आणि घाण कटण्याचं गणितही मोडतं, म्हणजे भुणभुण चढते. बाहेरून मात्र लीड धडधाकट दिसते. जाळी तुटली असेल तर आवाज पुरेसा येतो, पण भुणभुणीसकट. २ आणि ३ एकमेकींना चिकटल्या तर माईक मुका होतो.

असाच घोळ जॅकच्या लीडमध्ये होतो. एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला मोनो जॅक अशा लीडमध्ये पिन ३ ही जाळीबरोबर जोडलेली असावी लागते. घाईत बनवलेल्या लीडमध्ये ती तशीच मोकळी सुटते आणि मग चांगला माईकही मेल्यासारखा वाटतो. मोनो जॅक वापरायचाच असेल तर लीड पाच-सहा मीटरच्या आत ठेवा. देवळाच्या गाभाऱ्यापासून मंडपाच्या टोकापर्यंत नेलेली जॅकची लीड म्हणजे एक लांबलचक अँटेनाच. तीन पिनांची नीट लीड शंभर मीटर गेली तरी तक्रार करत नाही.

खर्च किती? साधी पिन ३० ते १०० रुपये, चांगल्या कंपनीची २०० ते ३५०. डाग मारून देण्याची मजुरी ५० ते १०० रुपये. तयार पाच-सहा मीटर लीड २५० ते ६००. माईकची सुटी वायर मीटरला २५ ते ८० रुपये. यात जाळी दाट आहे का ते सोलून बघा, कारण स्वस्त वायरीत पाच-दहा विरळ धागेच असतात आणि खरी चोरी तिथंच होते. मंडळात एखादा हुशार पोरगा असेल तर त्याला पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची तार आणि मल्टीमीटर घेऊन द्या. सगळं मिळून सातशे ते हजार रुपये. वर्षभरात ते वसूल होतात, आणि पोरगा शिकतो तो फायदा वेगळा.

लीड गुंडाळताना हाताच्या कोपराभोवती आवळून गुंडाळू नका, आणि काढताना वायर ओढू नका, पिन धरून काढा. सांगायला किरकोळ वाटतं. पण लीडा मरतात त्या सप्ताहात नाहीत, सप्ताह उरकल्यावर रात्री आवरताना.

अर्थिंग : इथं काटकसर नको

मिक्सर मंडपाच्या बोर्डावर, अ‍ॅम्प्लिफायर देवळातल्या सॉकेटवर आणि मोबाइल-लॅपटॉपचा चार्जर तिसरीकडे. अशा वेळी प्रत्येकाची अर्थ वेगळी असते आणि त्या अर्थांमधल्या फरकाची वीज ऑडिओच्या वायरीतून फिरते. भुणभुणीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. इलाजही सोपा आहे. सगळा संच एकाच ठिकाणाहून वीज घेईल असं करा. चांगला तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड ४०० ते ९०० रुपयांत येतो. कीबोर्ड किंवा लॅपटॉप जोडल्यावरच गुणगुण येत असेल तर अर्थ तोडण्याचं बटण असलेला डी.आय. बॉक्स घ्या. साधा हजार-पंधराशेला, बरा अडीच-तीन हजारांना मिळतो. तो सिग्नलच्या वायरीतली अर्थ तोडतो, विजेची नाही.

हा फरक जिवाचा आहे. बरेच साउंडवाले तीन पिनांच्या टॉपमधली जाड पिन कापून टाकतात किंवा वायर सोडवून ठेवतात. गुणगुण थांबते आणि सगळे खूश होतात. पण आता आत कुठं फेज पत्र्याला लागली तर अ‍ॅम्प्लिफायरचा डबा, लीडची जाळी आणि माईकची जाळी सगळ्यांवर २३० व्होल्ट उभे राहतात. कीर्तनकार अनवाणी, अंगाला घाम, सभामंडपाची फरशी धुतलेली, आणि ओठ माईकला टेकलेले. अशी जोडणी करणाऱ्याला पुन्हा बोलावू नये, त्याचं भाडं निम्मं असलं तरी. रोज माईक हातात देण्याआधी त्याच्या जाळीला टेस्टर लावायचा. टेस्टरचा दिवा अंधुक जरी लागला तरी कार्यक्रम थांबवून वायरमनला बोलवा.

देवळाची स्वतःची अर्थिंग नसेल तर ती करून घ्या. खड्डा, इलेक्ट्रोड, मीठ-कोळसा किंवा तयार पावडर, वायर आणि मजुरी धरून तीन ते आठ हजार. बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा तर पंधराशे ते अडीच हजार आणखी. मंडळाच्या सगळ्या खर्चात मी पहिला नंबर यालाच देईन, आवाजाशी त्याचा संबंध नसता तरी. अर्थिंगला उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालायचं असतं. आपल्याकडच्या कोरड्या जमिनीत चैत्र-वैशाखात ती निकामी होते आणि नेमके त्याच दिवसांत सप्ताह असतात.

आणि आकडा. तारेवर आकडा टाकून घेतलेल्या विजेला अर्थ नसते, न्यूट्रलचा भरवसा नसतो, वाऱ्यानं आकडा हलला की भोंग्यात ठिणगी ऐकू येते. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ती चोरी आहे हे वेगळंच. उत्सवासाठी महावितरण तात्पुरती जोडणी देतं, ती घ्या.

रात्री कृषिपंप चालू झाले की व्होल्टेज पडतं. मग ‘आवाज पडला, स्टॅबिलायझर आणा’ अशी मागणी होते. गणित करून बघा. २३० चे १८० व्होल्ट झाले तरी जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज साधारण दोन डेसिबलनंच कमी होतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. मिक्सर किंवा कॉर्डलेसचा रिसीव्हर मध्येच बंद पडत असेल तरच अडीच ते चार हजारांचा स्टॅबिलायझर घ्या. आवाज वाढवायला म्हणून नको.

आवाज पोचत नाही, तेव्हा

इथं थोडं गणित लागेल, पण याच गणितानं सगळ्यात जास्त पैसे वाचतात. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. शंभर वॅटच्या जागी अडीचशेचा अ‍ॅम्प्लिफायर आणून तुम्ही चार डेसिबल विकत घेता, आणि त्याचे पंधरा-वीस हजार मोजता.

आता हेच दुसऱ्या बाजूनं बघा. माईक तोंडापासून हातभर लांब असेल आणि तो चार बोटांवर आणला, तर माईकमध्ये शिरणारा आवाज सोळा डेसिबलच्या आसपास वाढतो. शंभर वॅटच्या जागी चार हजार वॅट आणल्यासारखं, आणि खर्च शून्य. शिवाय मागच्या पंधरा-वीस टाळकऱ्यांचा आवाज तेवढाच राहतो, त्यामुळे महाराजांचा शब्द टाळांतून वर येतो. अडचण एकच, महाराजांना सांगणार कोण? कीर्तन म्हटलं की चालणं, वळणं, हात उंचावणं आलंच आणि उभ्या स्टँडवरचा माईक जागचा हलत नाही. मग कॉलर माईक किंवा डोक्याला लावायचा माईक बरा. कॉर्डलेसचा बरा संच चार हजारांपासून पुढं. दोन हजारांतले संच भोंग्याशेजारी चालतात आणि मंडपाच्या टोकाला तुटतात. त्यांचे सेल रोज बदलायचे. मंदावलेला सेल हेही दबक्या आवाजाचं एक कारण आहे आणि त्याचा इलाज साठ-ऐंशी रुपयांचा.

मंडपात आवाज मागं पोचत नसेल तर भोंगा किंवा बॉक्स पुढं न्या. उघड्यावर अंतर निम्मं झालं की सहा डेसिबल मिळतात, म्हणजे चौपट वॅट. एकच भोंगा देवळाच्या शिखरावर बांधून सगळं गाव आणि मंडप दोन्ही सांभाळायला गेलं की गाव उठतं, पण मागच्या रांगेला काही कळत नाही. मंडपाच्या मधोमध एक छोटा बॉक्स ठेवणं जास्त शहाणपणाचं. बॉक्स नेहमी माईकच्या पुढं हवा. मागं ठेवला की शिट्टी येते, मग बटण कमी करावं लागतं, मग आवाज पडतो. वापरात नसलेले माईकही बंद ठेवा. एकाच्या जागी चार माईक उघडे राहिले तर शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज सहा डेसिबलनं घटतो. पखवाज, पेटी, दोन गायक, चोपदार अशा सगळ्यांना स्वतंत्र माईक देण्याची हौस इथं महागात पडते.

एवढं करूनही आवाज दबलेलाच असेल तर जोडणी तपासा. माईकचा जॅक ‘लाइन’ किंवा ‘ऑक्स’च्या भोकात गेलाय का? तिथं माईकच्या शेकडो पट मोठा संकेत अपेक्षित असतो, त्यामुळे माईक कुजबुजल्यासारखा येतो. पेटीला कंडेन्सर माईक असेल तर त्याला ४८ व्होल्टचं बटण दाबलंय का? दोन बॉक्सपैकी एकाची प्लस-मायनस उलटी झाली तर एक शंकू पुढं येताना दुसरा मागं जातो आणि मधे बसलेल्यांना आवाज पोकळ लागतो. एका बॉक्सच्या तारा अदलाबदल करून मधे उभं राहून ऐका, ज्यात भरदारपणा येईल ते बरोबर. बासचं बटण पूर्ण वर असेल तर खाली आणा. शब्दांची स्पष्टता दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते, घुमाऱ्यात नाही. आणि इको! पत्र्याच्या सभामंडपात आधीच इतका प्रतिध्वनी असतो की इकोचं बटण शून्यावर ठेवलं तरी चालतं. अभंगाला थोडा इको गोड लागतो हे कबूल, पण निरूपण चालू झालं की तो बंद करायलाच हवा.

माईकची पुढची जाळी फिरवून काढा आणि आतला फोम बघा. वर्षानुवर्षांची थुंकी, धूळ, अबीर आणि बुक्का. साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवून लावा. वरच्या पट्टीतला आवाज परत येतो, फुकटात.

बॉक्सपर्यंतची वायर हाही एक चोर आहे. पाऊण चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीनं तीस मीटरवर चार ओहमचा बॉक्स लावला तर बॉक्सला मिळणारी ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली की हा तोटा वीस टक्क्यांच्या आत येतो. लांबवरचे भोंगे १०० व्होल्टच्या लाइनवर ट्रान्सफॉर्मर लावून चालवत असाल तर बारीक वायर चालते. पण मग सगळे भोंगे तसेच हवेत. एक १०० व्होल्टवर आणि दुसरा ८ ओहमवर अशी सरमिसळ केली की एक मुका राहतो किंवा अ‍ॅम्प्लिफायर जळतो. भोंगा फाटका, चिरका वाजत असेल तर आतला डायफ्राम गेलेला असतो. तो १५० ते ५०० रुपयांत बदलून मिळतो, अख्खं युनिट घ्यायची गरज नसते.

विकत घेताना

हे सगळं करून झाल्यावरही कमी पडत असेल तरच दुकानात जा, आणि पहिला खर्च माईकवर करा. देशी कंपनीचा चांगला डायनॅमिक माईक दीड ते तीन हजारांत येतो आणि भजनाला पुरतो. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून चालत आलेला माईक दहा हजारांच्या आसपास आहे. तोच माईक कुणी हजार-बाराशेला देत असेल तर तो नकली आहे, दुसरं काही संभवत नाही. चार-सहा चॅनलचा मिक्सर पाच ते बारा हजार. शंभर-सव्वाशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आठ ते पंधरा हजार. पाटीवर ‘५००० वॅट पीएमपीओ’ लिहिलेलं असेल तर तो आकडा विसरा आणि आरएमएस वॅट विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुकान बदला.

बिल मंडळाच्या नावानं, मॉडेल आणि सिरियल नंबरासह घ्या. ‘बिलाशिवाय घ्या, हजार कमी करतो’ हा सौदा वॉरंटीवर पाणी सोडण्याचा आहे. माल सदोष निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पण बिल नसेल तर आयोगापुढं सांगणार काय?

दुरुस्तीला टाकताना काय बिघडलंय ते ‘आवाज येत नाही’ एवढ्यावर थांबवू नका. ‘दोन नंबरच्या माईकला भुणभुण, बॅटरीवर जात नाही, लीड बदलून पाहिली’ असं कागदावर लिहून द्या. दुरुस्तीवाल्याचा तास वाचतो, आणि तुम्हाला गंडवण्याची सोयही राहत नाही. बदललेला भाग परत मागून घ्या.

भाड्यानं संच आणत असाल तर ठरावातच लिहा : तीन पिनांच्या दोन जादा लीडा, एक जादा माईक, टेस्टर आणि अर्थ जोडलेला बोर्ड. ऑपरेटर पूर्ण वेळ बसणार की संच लावून निघून जाणार हेही विचारा. भाड्यातला खरा फरक तिथं असतो.

आणि परवानगी. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो बंद ठेवावा लागतो. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. राज्य सरकारनं वर्षातल्या ठरावीक दिवसांना बारापर्यंत सूट दिलेली असते, त्यात आपला सप्ताह बसतो का ते आधी विचारून घ्या. बेंबळीला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, त्यामुळे अर्जासाठी जिल्ह्याला जावं लागत नाही. काकड्याची वेळ सहाच्या आधीची असेल तर तो बिनमाईकचाच ठेवा.